सीपीचा आकडा आणि संघाचं बळ

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात एकोडी हे गाव आहे. धानाची शेती, आसपास तलाव, मे महिन्यात अंग भाजून काढणारं ऊन आणि जूनपासून पाऊस. अशा गावात राहून पोकेमॉन गो खेळणाऱ्यांचा एक समज पक्का झालेला असतो. बलवान संघ शहरातल्यांचाच असणार, कारण जिम, पोकेस्टॉप आणि सोबत खेळणारी माणसं तिकडे मुबलक आहेत. हा खेळ भारतात अधिकृतपणे डिसेंबर 2016 मध्ये रिलायन्स जिओच्या साथीने आला आणि 2023 पासून तो हिंदीतही आहे, तरी गावाकडच्या खेळाडूचा हा न्यूनगंड गेलेला नाही. शहरांत सोयी जास्त आहेत, हे खरंच आहे. पण त्या सोयींनी प्रामुख्याने पोकेमॉनची संख्या वाढते. संघाचं बळ निवडीतून येतं, आणि निवडीबाबत जे गैरसमज सगळीकडे पसरले आहेत ते शहरातल्या खेळाडूलाही तेवढेच महागात पडतात. सगळ्या गैरसमजांचं मूळ एकच. बळ हा पोकेमॉनच्या अंगात बसलेला आणि एका आकड्यात मोजता येणारा गुण आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात समोर कोण आहे, काम काय आहे आणि सोबतीला कोण आहे, यावर बळ ठरतं. खेळाचं गणितच तसं बांधलेलं आहे आणि ते तपासून पाहता येतं.

पडद्यावर पोकेमॉनच्या डोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत दिसतो तो सीपी, त्यामुळे पहिला गैरसमज त्याचाच. हा आकडा तीन गोष्टींतून निघतो: हल्ला, बचाव आणि एचपी म्हणजे दम. मात्र सूत्रात या तिघांना सारखं वजन नाही. हल्ला जसाच्या तसा धरला जातो, बचाव आणि दम यांची वर्गमुळं घेतली जातात, मग पातळीनुसार ठरलेल्या गुणकाने गुणून दहाने भागलं जातं. म्हणजे ज्याचा हल्ला मोठा त्याचा सीपी चटकन फुगतो आणि जो चिवटपणे टिकतो त्याचं मोल आकड्यात कमी उतरतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या सूत्रात पोकेमॉनच्या मूव्हना जागाच नाही. तो कोणत्या मूव्हने मारतो आणि ती किती जोराची आहे, हे सीपीला ठाऊक नसतं. स्लेकिंगचं उदाहरण घ्या. तो दंतकथेतला लेजंडरी पोकेमॉन नाही, तरी पातळी 50 वर त्याचा सीपी 5010 पर्यंत जातो. त्याच पातळीवर म्यूटू 4724 ला थांबतो. आकडाच प्रमाण मानला तर स्लेकिंग म्यूटूपेक्षा भारी ठरायला हवा. पण स्लेकिंगला मिळणारी नेहमीची जलद मूव्ह म्हणजे जांभई, आणि तिने समोरच्याला काहीच इजा होत नाही. चार्ज्ड मूव्हपुरती ऊर्जा साठेपर्यंत तो नुसता जांभया देत उभा राहतो. मूळ व्हिडिओ गेममध्येही त्याला असंच बांधून ठेवलं आहे. तिथे त्याच्या मूळ गुणांची बेरीज 670 आहे, पण अंगभूत आळसामुळे तो एक फेरी सोडूनच हल्ला करू शकतो. खेळ रचणाऱ्यांनी जाणूनबुजून मोठ्या आकड्याला मोठी उणीव जोडली आहे, आणि नुसता सीपी पाहणाऱ्याला ती उणीव दिसत नाही.

मग पाहायचं काय? सगळ्यात आधी टाइप. खेळात 18 टाइप आहेत आणि कोणता टाइप कोणावर भारी हे ठरलेलं आहे. पोकेमॉन गोमध्ये अनुकूल टाइपची मूव्ह 1.6 पट लागते, समोरच्याचे दोन्ही टाइप तिला कच्चे असतील तर 2.56 पट. प्रतिकूल टाइपची मूव्ह 0.625 पटीवर येते आणि जिथे मूळ खेळात मुळीच परिणाम होत नाही तिथे ती जवळजवळ 0.39 वर घसरते. मूव्हचा टाइप पोकेमॉनच्या स्वतःच्या टाइपशी जुळला तर आणखी 1.2 पट, हवामान जुळलं तर पुन्हा 1.2 पट. हे गुणक एकमेकांना गुणत जातात. म्हणून कागदावर बेताचा वाटणारा पोकेमॉन योग्य लढाईत राजेशाही नावाच्या पुढे निघून जातो.

तलावांच्या जिल्ह्यात ग्यारडॉसचं उदाहरण शोभेल. पाण्याजवळ पाण्याचे पोकेमॉन अधिक सापडतात आणि मॅजिकार्प हा त्यातला सगळ्यात उपेक्षित. तो इतका दुबळा असतो की त्याला पकडायलाही कोणी थांबत नाही. पण 400 कँडी जमल्या की त्याचा ग्यारडॉस होतो. एक मॅजिकार्प पकडला की 3 कँडी मिळतात, पिनॅप बेरी देऊन पकडला तर 6, आणि त्याला सोबती म्हणून घेतलं तर दर किलोमीटर चालण्यामागे एक. त्यामुळे ज्याला रोज शेताच्या किंवा शाळेच्या वाटेने पायी जावं लागतं त्याच्याकडे ग्यारडॉस आज ना उद्या येतोच. आता रेडमध्ये, म्हणजे एका बलाढ्य बॉस पोकेमॉनविरुद्धच्या लढाईत, समोर ग्राउडॉन उभा आहे असं धरा. तो जमिनीच्या टाइपचा लेजंडरी, त्याला पाणी लागतं. ग्यारडॉसचा मूळ हल्ला 237, म्यूटूचा 300. पातळी 40 वर पूर्ण गुणांच्या ग्यारडॉसचा सीपी 3391 आणि म्यूटूचा 4178. आकड्यांत म्यूटू बराच पुढे. पण म्यूटूच्या मानसिक शक्तीच्या मूव्ह ग्राउडॉनवर साध्याच लागतात, तर ग्यारडॉसच्या पाण्याच्या मूव्ह 1.6 पटीने. मूव्हची ताकद आणि वेग सारखा धरला तर 300 च्या समोर 379 उभे राहतात. त्यात पाऊस चालू असेल तर पाण्याच्या मूव्हना 1.2 पटीचं बळ मिळून हा आकडा 455 वर जातो. ही झाली मारण्याची बाजू. सोसण्याची बाजू तर याहून चांगली आहे. ग्यारडॉस पाण्यासोबत उडण्याच्या टाइपचाही आहे, त्यामुळे ग्राउडॉनच्या जमिनीच्या मूव्ह त्याला 0.39 पटच लागतात.

यावर जाणकार खेळाडू म्हणेल की पाण्याचाच पोकेमॉन न्यायचा तर लेजंडरी क्योग्रे न्यावा, त्याचा मूळ हल्ला 270 आहे. मुद्दा रास्त आहे आणि मारा मोजला तर क्योग्रे वरचढच. पण ग्राउडॉनकडे सोलर बीम ही गवताच्या टाइपची मूव्हही असू शकते. ती क्योग्रेला 1.6 पट लागते. ग्यारडॉसला मात्र साधीच लागते, कारण पाण्यामुळे आलेली कमजोरी उडण्याच्या टाइपमुळे फिटते. म्हणजे लेजंडरी आणि तळ्यातला मासा यांच्यातला निवाडासुद्धा समोरच्याने कोणती मूव्ह आणली आहे हे कळल्याशिवाय पूर्ण होत नाही. ज्याच्याजवळ सहा क्योग्रे आहेत त्याने ते खुशाल न्यावेत. ज्याच्याकडे एकही नाही त्याने ग्राउडॉनची रेड आपल्या आवाक्याबाहेरची आहे असं समजून घरी बसू नये, एवढंच हे गणित सांगतं.

हवामानाचा मुद्दा इथे थोडा लांबवायला हवा, कारण बहुतेक जण तो सोडूनच देतात. खेळातलं हवामान प्रत्यक्ष हवामानाच्या माहितीवरून ठरतं. पावसात पाणी, वीज आणि कीटक या टाइपना जोर येतो. स्वच्छ उन्हात आग, गवत आणि जमीन यांना. हा जोर दोन्ही बाजूंना मिळतो. त्यामुळे मे महिन्यातल्या भर दुपारी ग्राउडॉनच्या मूव्ह आणखी जोरात लागतात, आणि श्रावणातल्या पावसात तोच ग्राउडॉन तुमच्या पाण्याच्या पोकेमॉनसमोर नरम पडतो. बर्फ आणि पोलाद या टाइपना जोर मिळतो तो हिमवर्षावात, आणि भंडाऱ्यात बर्फ पडत नाही. म्हणजे थंड देशांतल्या खेळाडूला बर्फाचा संघ जेवढा उपयोगी पडतो तेवढा तो इथे हवामानाच्या बाजूने कधीच पडणार नाही. तरीही बर्फाचे पोकेमॉन टाकून देऊ नयेत. रेक्वाझा हा ड्रॅगन आणि उडणारा असा दोन टाइपचा लेजंडरी आहे, त्याला बर्फ 2.56 पट लागतो, आणि एवढी मोठी पट हवामानाच्या मदतीवाचूनही पुरते. परदेशी खेळाडूंच्या याद्या वाचून जसाच्या तसा संघ उभारणाऱ्यांनी एवढा विचार जरूर करावा की त्या यादीमागे कोणत्या गावाचं आभाळ आहे.

दुसरा मोठा गैरसमज आयव्हीचा. प्रत्येक पोकेमॉन जन्मतः हल्ला, बचाव आणि दम यांत 0 ते 15 असे जादा गुण घेऊन येतो. तिन्हीकडे 15 असले की त्याला शंभर टक्क्यांचा म्हणतात, आणि खेळाडू अशा पोकेमॉनच्या मागे वर्षानुवर्षं धावतात. शंभर टक्क्यांहून कमी ते सगळं दुय्यम, असा समज झाला आहे. पण हिशेब करून पाहा. पातळी 40 वर पूर्ण गुणांच्या म्यूटूचा सीपी 4178 होतो आणि तिन्हीकडे शून्य असलेल्याचा 3697. हा अगदी टोकाचा फरक, तोही साडेअकरा टक्क्यांच्या आसपासच. नुसता हल्ला बघितला तर 300 आणि 315, म्हणजे पाच टक्के. आणि साध्या रेडमधून मिळणाऱ्या पोकेमॉनला प्रत्येक गुणात किमान 10 मिळतातच, त्यामुळे तिथला खराबातला खराब म्यूटू आणि परिपूर्ण म्यूटू यांच्या हल्ल्यात दीड टक्क्याहून थोडाच जास्त फरक उरतो. एकीकडे योग्य टाइपने मिळणारे साठ टक्के आणि हवामानाचे वीस टक्के, दुसरीकडे आयव्हीचे हे दीड ते पाच टक्के. तरी चर्चा होते ती आयव्हीचीच, कारण परीक्षणात मिळणारे तारे मोजणं सोपं आहे आणि टाइपचा तक्ता डोक्यात ठेवायला कष्ट पडतात.

पातळी वाढवण्याबाबतही असंच आहे. एखादा पोकेमॉन पातळी 1 पासून 40 पर्यंत न्यायला 2,70,000 स्टारडस्ट लागतं. 40 ते 50 या शेवटच्या दहा पातळ्यांना आणखी सुमारे अडीच लाख आणि वर शेकडो एक्सएल कँडी. एवढं ओतल्यावर त्याचे गुण वाढतात सहा टक्क्यांच्या थोडे वर. जवळजवळ तेवढ्याच स्टारडस्टमध्ये वेगळ्या टाइपचा आणखी एक पोकेमॉन पातळी 40 च्या जवळ आणता येतो. ज्याच्याकडे एकच पोकेमॉन 50 पर्यंत आहे आणि बाकीचे पाच कसेबसे वीसवर अडले आहेत, त्याने आपली कमाई चुकीच्या ठिकाणी घातली असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे पोकेस्टॉप विरळ आहेत तिथे तर ही चूक भरून काढायला फार काळ जातो.

आयव्हीच्या याच वेडातून आणखी एक नुकसान होतं, ते शॅडो पोकेमॉनचं. टीम गो रॉकेटकडून सोडवलेला शॅडो पोकेमॉन शुद्ध करता येतो आणि शुद्ध केला की त्याच्या तिन्ही गुणांत दोन-दोनची भर पडते. शंभर टक्के गाठण्यासाठी अनेक जण घाईने शुद्धीकरण करतात. पण शॅडो असेपर्यंत त्याचा हल्ला 1.2 पट लागत असतो, तो शुद्ध केल्यावर जातो. दोन गुणांसाठी, म्हणजे मोठ्या हल्ल्याच्या पोकेमॉनच्या बाबतीत एक टक्क्याहूनही कमी लाभासाठी, वीस टक्के हल्ला सोडून द्यायचा, असा हा व्यवहार. शॅडोचा बचाव त्याच प्रमाणात कमी असतो, तो लवकर पडतो, ही तक्रार खरी आहे. पंचतारांकित रेडला मात्र 300 सेकंद मिळतात आणि तेवढ्यात बॉसचा दम संपवायचा असतो. तिथे कोण किती वेळ उभा राहिला यापेक्षा किती मारा झाला हे मोजलं जातं. रेडच्या आधी खेळ जो संघ आपोआप सुचवतो त्यात टिकाऊ पण मंद मारणारे पोकेमॉन पुष्कळदा येतात. तो संघ डोळे मिटून स्वीकारू नये.

खेळाडूंमधल्या लढतींत तर शंभर टक्क्यांचा हट्ट उलटाही पडतो. ग्रेट लीगमध्ये 1500 सीपीची मर्यादा असते. सीपीच्या सूत्रात हल्ला पूर्ण धरला जातो आणि बचाव-दम वर्गमुळाने, हे वर आलंच आहे. त्यामुळे जन्मजात हल्ला कमी असेल तर मर्यादेच्या आत राहून पातळी जास्त चढवता येते. अझूमारिल या गाजलेल्या पोकेमॉनचा हिशेब मांडून पाहू. तिन्हीकडे 15 असलेला अझूमारिल पातळी 36 वर 1497 सीपीला पोचतो. तिथे त्याचा प्रत्यक्ष हल्ला साधारण 97, बचाव 128 आणि दम 184. हल्ल्यात शून्य आणि बाकी दोन्हीकडे 15 असलेला अझूमारिल पातळी साडेपंचेचाळीसपर्यंत जाऊन 1499 ला थांबतो. त्याचा हल्ला 92 च्या घरात, बचाव 137 च्या जवळ, दम 196. हल्ला सहा टक्क्यांनी कमी, पण बचाव आणि दम दोन्ही साडेसहा टक्क्यांच्या आसपास जास्त, आणि अझूमारिलचं कामच मुळी चिवटपणे टिकून राहण्याचं. परीक्षणात पहिल्याला पूर्ण तारे मिळतात, दुसऱ्याला कमी, तरी या लीगमध्ये दुसरा सरस. मात्र तो तयार करायला पातळी 40 च्या पुढच्या एक्सएल कँडी लागतात. ज्याच्याजवळ त्या नाहीत त्याला पातळी 36 चा, शंभर टक्क्यांचा अझूमारिल स्वस्तात पडतो आणि फारसा मागेही नसतो. कोणता चांगला, या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या गाठीशी काय आहे हाही एक घटक असतो.

आता संघाकडे वळू, कारण सगळ्यात खोल रुतलेला गैरसमज हा की तीन किंवा सहा उत्तम पोकेमॉन एकत्र आणले की उत्तम संघ होतो. भंडारा-गोंदियाकडे हिवाळ्यात शंकरपट भरतात. तिथे बैल एकटा धावत नाही, जोडी धावते. एक बैल कितीही तेज असला आणि जोडीदार त्याच्या पावलाला येत नसला तर गाडी तिरपी ओढली जाते आणि वेळ जातो. म्हणून पटाची जोडी जुळवणारा माणूस दोन्ही बैलांची चाल एकत्र पाहतो. पोकेमॉनच्या तिघांच्या संघाचं तसंच आहे. तिघांनाही एकाच टाइपची भीती असेल तर त्या टाइपचा एकटा प्रतिस्पर्धी तिघांना ओळीने झोपवतो, मग ते तिघे स्वतंत्रपणे कितीही मातब्बर असोत. पहिला उतरणारा, अडचणीत त्याच्या जागी येणारा आणि शेवट सांभाळणारा, अशी कामं वाटून दिली आणि एकाच्या कच्च्या बाजूवर दुसऱ्याने पांघरूण घातलं, तरच संघ उभा राहतो.

याचा सर्वांत ठळक पुरावा जागतिक स्पर्धेतूनच मिळाला आहे. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन इथे झालेली व्हिडिओ गेमची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क यांनी जिंकली, आणि त्यांच्या संघात पाचिरिसू होता. हा खारीसारखा छोटा विजेचा पोकेमॉन. म्यूटूच्या मूळ गुणांची बेरीज 680 असते, पाचिरिसूची अवघी 405. एवढ्या मोठ्या स्पर्धेत त्याला कोणी घेईल असं वाटत नव्हतं. पण त्या स्पर्धेतल्या लढती दुहेरी होत्या, प्रत्येक बाजूचे दोन पोकेमॉन एकाच वेळी मैदानात. पाचिरिसूकडे समोरच्यांचे हल्ले स्वतःकडे ओढून घेण्याची मूव्ह होती, आणि विजेचा हल्ला त्याच्या अंगावर पडला तर इजा होण्याऐवजी त्याचा दम भरून निघत होता. तो मार सोसत राहिला आणि शेजारी उभे असलेले ग्यारडॉस, गारचॉम्प यांच्यासारखे मारेकरी मोकळेपणाने आपलं काम करत राहिले. पाण्यात आणि हवेत वावरणाऱ्या ग्यारडॉसला सर्वांत जास्त धोका विजेचा, आणि वीज तर पाचिरिसूच्या पोटात जात होती.

एखादा अपवाद दाखवून नियम मोडता येत नाही, असं कोणी म्हणेल. पाचिरिसूवरून दुबळे पोकेमॉन भारी असतात असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचाच होईल. त्याच संघात गारचॉम्प होता, ज्याच्या गुणांची बेरीज 600 आहे. पार्क यांनी बलवानांना वगळलं नाही, बलवानांना ज्याची गरज होती तो जोडीदार शोधला. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: मास्टर लीगमध्ये सीपीची मर्यादा नसते, तिथे लेजंडरी, पूर्ण आयव्ही आणि पातळी 50 हेच जिंकतात. हे मान्य करायला हवं. तिथे दोन सारखेच पोकेमॉन भिडले आणि दोघांनी एकाच क्षणी चार्ज्ड मूव्ह टाकली तर ज्याचा हल्ला किंचित जास्त त्याची मूव्ह आधी जाते, त्यामुळे एकेक गुण मोलाचा ठरतो. मोठ्या आकड्यांचा समज ज्या भागात खरा आहे तो हा. पण तो खेळाचा एक कोपरा आहे. नव्या खेळाडूने त्या कोपऱ्यावरून सगळ्या खेळाचा अंदाज बांधला की ग्रेट लीग, रोजच्या रेड, जिम या सगळ्या ठिकाणी तो विनाकारण कमी पडतो.

गावातल्या खेळाडूची खरी अडचण मी नाकारत नाही. पंचतारांकित रेडला सोबती लागतात आणि ते एकोडीसारख्या गावात सहज मिळत नाहीत. 2020 पासून दुरूनही रेडमध्ये सामील होता येतं, पण त्याचा पास विकत घ्यावा लागतो. मात्र या अडचणीवर मोठा सीपी हा उपाय नाही. उलट साधनं थोडी असतील तेव्हा प्रत्येक टाइपचे दोन-तीन नीट मूव्ह असलेले पोकेमॉन तयार ठेवणं अधिक शहाणपणाचं, कारण तीन तारे असलेल्या अनेक रेड असा खेळाडू एकटा जिंकू शकतो. पोकेस्टॉप कमी आहेत ही तक्रारही काही अंशी दूर करता येते. वरच्या पातळीला पोचलेल्या खेळाडूंना गावातल्या सार्वजनिक जागा नव्या पोकेस्टॉपसाठी सुचवता येतात, त्यासाठी सोय आहे.

तेव्हा साठवणुकीची जागा भरली म्हणून कमी ताऱ्यांचे पोकेमॉन सरसकट निवडून बाहेर काढण्याआधी प्रत्येकाचा टाइप, मूव्ह आणि कमी हल्ल्याचा ग्रेट लीगमध्ये होणारा उपयोग एकदा तपासा. मॅजिकार्प तर अजिबात घाईने देऊ नका. खेळातल्या प्रोफेसरकडे पाठवलेला, म्हणजे सोडून दिलेला, पोकेमॉन परत मिळत नाही.